खोली वाढवा

सोलापूर,
ता. ११ डिसेंबर १९२७

चि. सौ. सोनाबाई हीस,
दादाचा आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं आहोत. खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, पण ते काही लिहवत नाही. तिकडे पाहुणे, तुझा रावजी आणि लहान लेकरू बरं असेल अशी आशा करतो.

अडीच महिन्यांनी पत्र लिहितोय. तुझ्या रावजीला दिलेली माझी लेक फुला गेली, तिच्या तिसऱ्या दिवसानंतर मी तुझ्या दारात पाय ठेवला नाही, की एक कार्ड टाकलं नाही. तूही टाकलं नाहीस. का टाकशील म्हणा.

इथं थंडी बरी पडलीय. मिलमध्ये साचेखात्यात मागवाल्यांवरची जॉबरकी चालू आहे. तुझ्या वहिनीचे, बजाबाईचे, गुडघे दुखतात. घराचं जोतं होऊन पडलंय, चाळीतली खोली सोडायची म्हणतो. त्यासाठी नकाशा पुन्हा बदलायला दिला होता. त्यात एक घोटाळा झाला, तो सांगायला बसलोय.

नकाशेवाला शरणप्पा तुला ठाऊक नाही. दुधनीचा माणूस, घरात कानडी, मराठी कामापुरतं. आधी एका ओव्हरसियरच्या हाताखाली होता, आता स्वतःच लोकांच्या घरांचे नकाशे काढून देतो. मिस्त्रीनं काढलेल्या माझ्या पहिल्या नकाशात बाळंतिणीची खोली नव्हती. फुलाला दिवस गेल्याचं कळलं आणि मी शरणप्पाला गाठलं. म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरचं, मागच्या अंगाला एक खोली घाला. त्यानं घातली. मग मला दाराची बाजू पटेना, दार फिरवलं. मग मोरी लांब वाटली. मग मी चाळीतली बाज मोजून नेली आणि म्हटलं, बाजेशेजारी शेगडी बसत नाही, भिंत सरकवा. शरणप्पा हसायचा. "जॉबरसाहेब, घर बांधनार का नुस्ता कागुदच?" दर वेळी नवा नकाशा म्युनिसिपालटीत जायचा आणि तिथं आठवडेच्या आठवडे पडून राहायचा. मी मात्र साऱ्या साचेखात्याला तो नकाशा दाखवत मिरवत होतो. भिंत एक उठली नव्हती.

आणि तिकडे तुझ्या घरात, तुझ्या डोळ्यांदेखत माझी पोर गेली.

बघ, अजून मी असंच लिहितोय. जीभ तशी हातही वाईट माझा. ते पुढं लिहितो, आधी घोटाळा ऐक.

दिवाळी अशीच गेली. मग बजाबाई म्हणाली, "ती मागली खोली नगं. तिच्यावरनं मला चुलीकडं जाववनार न्हाय." बरोबर होतं तिचं. मी शरणप्पाकडे गेलो. त्यानं नकाशा पसरला. मी त्या खोलीवर बोट ठेवलं, आणि पुढं बोलवेना. फुलाची खोली ती. खोडा कसं म्हणू? मोडा, पाडा, काढून टाका, काही म्हणवेना. आपल्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, दिवा विझवला म्हणत नाहीत. बांगडी वाढली, दिवा वाढवला म्हणतात. तेच तोंडाला आलं. म्हटलं, "शरणप्पा, ही खोली आता वाढवा."

"व्हय की," म्हणाला.

आठ दिवसांनी बघायला गेलो, तर त्यानं खोली खरंच वाढवून ठेवली होती! स्वयंपाकघराचे दोन हात काढून तिला दिले होते. पूर्वेला खिडकी घातली होती. बाज, शेगडी सगळं जागच्या जागी, आणि वर तुळईपाशी एक बारीक गोल. म्हटलं, हे काय?

"पाळन्याची कडी. तुमी सांगितली न्हवती, मीच घातली," म्हणाला. खुशीत होता.

सोना, मी त्या माणसाला नाही नाही ते बोललो. त्याच्या अकलेवर गेलो, त्याच्या मराठीवर गेलो. तो बिचारा गांगरून म्हणे, "तुमीच म्हनालात की वाढवा. वाढवा म्हंजे मोटी करा न्हवं?" त्याला बापड्याला काहीच माहीत नव्हतं. मग मी सांगितलं, पोर गेली. त्यानं पेन्सिल खाली ठेवली. मग विचारलं, "लेकरू?"

"आहे. मुलगी आहे."

"नाव काय ठेवलं?"

मला सांगता येईना. बारशाचं बोलावणं घेऊन तुझा माणूस आला होता, त्याला मी पाणीसुद्धा न विचारता दारातून परत लावला. माझ्या फुलाच्या लेकीचं नाव मला ठाऊक नाही, आणि एक परका माणूस माझ्या तोंडाकडे बघत बसलाय. लाज वाटली गं. एवढी लाज जन्मात वाटली नव्हती.

घरी येऊन नकाशा बजाबाईपुढं टाकला आणि झालं ते सांगितलं. वाटलं, आता ही कडाडणार. ती त्या कडीवर बोट ठेवून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ती खोली. नात आली तर लागंल की. पर ती मानसं तिला का धाडतील? आदी वन्संस्नी खरं काय ते लिवा."

तर खरं लिहितो.

श्रावणात तू कळवलंस, दादा, पोरीचे पाय सुजलेत, आमची वस्ती माळावर, सुईण दोन कोसांवर, लवकर येऊन घेऊन जा. बजाबाई म्हणत होती, चाळीत आणू, मधे लुगडं बांधून आडोसा करू. मीच तिच्यावर ओरडलो. माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण भाड्याच्या खोलीत होणार नाही म्हटलं. तुला कार्ड टाकलं, घर होईपर्यंत तिकडेच ठेव, मी येऊन नेईन. भादव्यात तू पुन्हा कळवलंस. त्याला मी उत्तरच दिलं नाही. मी तेव्हा शेगडीसाठी भिंत सरकवत होतो.

आणि राख सावडायला आलो, तेव्हा चार माणसांत तुला म्हणालो, तू माझी पोर खाल्लीस.

माझं कार्ड तुझ्या घरात होतं. ते आणून दाखवलं असतंस तर माझं तोंड तिथंच बंद झालं असतं. तू आणलं नाहीस. पदर तोंडाला लावून ऐकून घेतलंस. रावजीनंही मान खाली घातली. त्याची तर बायको गेली होती. तुम्ही माझी अब्रू राखलीत आणि मी तुमच्यावर डाग ठेवून जेऊरच्या स्टेशनात गाडीत बसलो. वस्तीवरच्या बायका तुला अजून काय काय बोलत असतील, ते मला कळतं.

नातीला धाड असं म्हणत नाही. तो हक्क माझा उरला नाही. बजाबाईला तिला एकदा मांडीवर घ्यायचंय, तिला तेवढं येऊ दे. तिचा काही अपराध नाही. मला नुसतं पोरीचं नाव कळव.

ज्ञानबा मास्तर, सोनाला वाचता येत नाही, तेव्हा हे पत्र तुम्हीच तिला वाचून दाखवत असणार. आता जरा थांबा. सोना, तू एकटीनं हे ऐकलंस, ते पुरे नाही. त्या दिवशी राखेपाशी जे जे उभे होते, त्या सगळ्यांना बोलाव. पेटीतलं माझं कार्ड काढ. मास्तर, आधी ते वाचा, मग हे पत्र पहिल्यापासून वाचा. मोठ्यानं वाचा. माझी बहीण समोर बसली आहे म्हणून एकही ओळ गाळू नका.

फुलाला वेळेवर घरी न आणलेला तिचा बाप,
धोंडीराम