माणसाळवण्याचं काम

३ जून
पोचलो. कबाले गावाहून ट्रक, मग तीन तासांचा चढ. पत्र्याच्या दोन खोल्या, बाहेर चूल, मागे बांबूचं रान. सोबतीला तिबेंडा, साठीचे. त्यांना सगळे ताता म्हणतात. माझे नवे गमबूट बघून म्हणाले, जपून ठेव, गोरिलांना आवडतील. उकडलेली रताळी आणि घेवडा पोटभर खाल्ला. फोन फक्त वरच्या कड्यावर लागतो, म्हणून चढून गेलो. पोरीनं, केबिरुंगीनं विचारलं, माकड दिसलं का. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी घरच्यांना इथे यायची मुभा आहे. बायकोला, जोवियाला म्हटलं, पोरीला घेऊन ये. आनंदात आहे.

११ जून
काम समजू लागलंय. गोरिलांच्या या कळपानं माणूस पाहिलेला नाही. काल जिथे सोडला तिथून रोज माग काढायचा. त्यांची झोपायची घरटी मोजायची, शेण पानाच्या पुडीत बांधून घ्यायचं. कळप दिसला की खाली बसायचं. डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. घशातून त्यांच्यासारखा आवाज काढायचा आणि त्यांचाच पाला तोंडात घालायचा. गिळायचा नाही, चावून थुंकायचा. जेवणाऱ्याला कोण भितं, असं ताता म्हणतात. रोज थोडं जवळ जायचं. आज शंभर पावलं. मोठा नर अंगावर आला. मी पळणारच होतो, तातांनी कॉलर धरून बसवलं. परतताना म्हणाले, "पळाला असतास तर तुझ्या बायकोला सांगणार होतो, नवरा गोरिलांकडे घरजावई राहिला म्हणून."

२ जुलै
साठ पावलं. काम संपलं हे कसं कळतं, विचारलं. ताता म्हणाले, पिल्लं आधी येतात, त्यांच्यात भीती टिकत नाही. पिल्लामागून आई येते. मग आपण सात पावलांवर थांबायचं आणि पाहुणे आणायचे. पाहुणे काय करतात, मी विचारलं. बघतात, म्हणाले.

१९ जुलै
बांबूच्या पलीकडे नेचे दबलेले दिसले. कुणीतरी बराच वेळ बसलं होतं, आमच्या चुलीकडे तोंड करून. शेजारी रताळं, चावून थुंकलेलं. दातांच्या खुणा रुंद. मी म्हटलं, गोरिला असेल.
तातांनी ते उचलून पाहिलं. मग म्हणाले, "गोरिला गिळतो."
बैठकीपासून चुलीपर्यंत मी पावलं मोजली. शंभर.

२४ जुलै
नवी बैठक. साठ पावलं. पानावर घेवडा, सगळा चावलेला, एक दाणाही गिळलेला नाही. शौचाच्या खड्ड्याची कड उकरलेली. तिथे पानाची एक पुडी पडली होती, वेलीनं बांधलेली. गाठ आमच्यासारखीच.
तातांनी ती चुलीत टाकली.

३ ऑगस्ट
भर दुपारी कपडे धूत होतो. बांबूतून कुणी विचारलं, "काय, बरं आहे ना?" वाटेत भेटणारा कुणीही विचारतो तसं. आवाज तातांचा.
ताता माझ्या शेजारी बसले होते. त्यांच्या हातात साबण होता.
आत्ताच खाली उतरू, म्हटलं. ते म्हणाले, पळायचं नाही, पळणाऱ्याच्या मागे लागतात. जोवियाला येऊ देता कामा नये. उद्या कड्यावर जाऊन फोन करणार.

४ ऑगस्ट
कड्यावर, फोन करायच्या दगडासमोर, ताजी बैठक. दबलेले नेचे अजून उठत होते. फोन न करताच धावत उतरलो. पुन्हा जायला हवं.

१२ ऑगस्ट
तीस. आज त्यानं विचारलं आणि तातांनी उत्तर दिलं. रताळं सोलता सोलता. बरं आहे, म्हणाले. मी ओरडलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नवख्याकडे बघावं तसं. म्हणाले, इतके दिवस झाले, त्यानं तुला काही केलं का?
नाही. केलं नाही.

१८ ऑगस्ट
ताता आता बांबूकडे पाठ करून जेवतात. गोरिलांकडे गेलो नाही. किती दिवस, आठवत नाही. जोविया — फोन करायलाच हवा.

२३ ऑगस्ट
पंधरा. सकाळी उठून छातीवर हात ठेवला. ठोके शांत. भीती होती तोवर मी शुद्धीवर होतो. आज ती शोधली आणि — कड्यावर जायला हवं. चढ फार आहे. उद्या.

२९ ऑगस्ट
सात. तिथेच थांबलंय. डोळे वर करत नाही. चावतं, थुंकतं. मी बरं आहे म्हटलं. आपोआप —

३१ ऑगस्ट, रविवार
चुलीजवळच्या दगडावर बसून लिहितोय. बांबूत आज खूप जण. उंच, रांगेत, गप्प. पाहुणे असतील, ताता म्हणाले.
खालून जोवियाची हाक आली. केबिरुंगी पुढे धावत आली. पिवळा झगा. बांबूतून कुणी माझ्या आवाजात विचारलं, बरं आहे ना? पोरगी हसली. बरं आहे, म्हणाली आणि तिकडे वळली.
उठायला हवं. कशासाठी ते — माझ्या तोंडात रताळं आहे.
केबिरुंगी बांबूपासून सात पावलांवर. पाच. जोविया तिच्यामागून —