लंडनचा अँप्लिफायर आणि वडगावची रीत

३ ऑक्टोबर २००४, रविवार
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून दिवस पालटले. सायबर कॅफेत दोन तास बसलो. दीड तास नेट बंद होतं, पण उरलेल्या अर्ध्या तासात कळलं. ऑर्केस्ट्रात मी गिटार वाजवायचो तेव्हाचा अँप्लिफायर, लंडनचा, जुन्या व्हॉल्व्हचा, माळ्यावर पडून आहे. तसाच एक अमेरिकेत पावणेदोन लाखांना गेला. बावीस वर्षं बायको, दानम्मा, त्याला अडगळ म्हणते. तिला सांगितलं, यातून तुला स्कूटर. बाई रोज कागलच्या शाळेत शिकवायला एसटीने उभ्याने जाते, गुडघे सुजतात. ती म्हणाली, आधी माळा झाडा.
माळा उद्या.

५ ऑक्टोबर
रेडिओ दुरुस्तीवाल्या कृष्णातला दाखवला. दोन हजार म्हणाला, तेही आतल्या तांब्याचे. त्याला काही कळत नाही, जन्मभर टेपरेकॉर्डर पुसले त्याने. दानम्माने विचारलं, चालू तरी हाय का. किंमत वेगळी आणि चालू असणं वेगळं, हे तिला समजावता समजावता लाइट गेली.
माझा अंदाज: दीड लाख.

८ ऑक्टोबर
फोटो नेटवर टाकले होते. बंगलोरहून सोमेश नावाच्या गृहस्थाचा फोन. जुनी वाद्यं, जुने अँप्लिफायर घेतो. दसरा झाला की येतो म्हणाला, सगळं मूळचं असेल तर नव्वद हजारांपर्यंत जाऊ. फक्त कशालाही हात लावू नका, पुसूसुद्धा नका. तीनदा म्हणाला.
फोन ठेवल्यावर डोकं चाललं. आमचे वडील पेठ वडगावच्या बाजारात जनावरांचे दलाल. म्हैस धुऊ नका असं गिऱ्हाईक सांगतं ते मळकी म्हैस बघून भाव पाडायला. मी कुणाचा मुलगा आहे हे त्याला माहीत नाही.

९ ऑक्टोबर
शोरूममध्ये जाऊन गाडीचा रंग ठरवला. मोरपंखी. मेव्हणा त्याच्या कापडदुकानात बसायला बोलावतोय. नोकरी सुटून दोन वर्षं झाली म्हणून काय कुणीही बोलवावं? नाही म्हणून कळवलं.

१२ ऑक्टोबर
गुंडूला बोलावलं. हा बाजाराच्या आधी म्हशी भादरतो, तेल लावतो, शिंगं रंगवतो. त्याच्या हातची म्हैस परत घरी येत नाही. अँप्लिफायरच्या पुढचं डागाळलेलं कापड उचकटून काढलं. कंपनीची काळवंडलेली पितळी पट्टी काढली. पिवळी पडलेली बटणंही. दानम्मा म्हणाली, त्या माणसानं नगं म्हटलंय न्हवं? मी म्हणालो, धंदा मला शिकवू नकोस. मग काढलेलं सगळं ती बिस्किटाच्या डब्यात भरत बसली. हिला काही म्हणून टाकवत नाही.

१४ ऑक्टोबर
लाल ऑइलपेंट, दोन हात. कडा चंदेरी. समोर पिवळ्या अक्षरांत ‘शिवकुमार अँड पार्टी, कोल्हापूर’. गुंडूने स्वतःच्या मनाने दोन्ही बाजूंना गोंडे लावले. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं. बावीस वर्षांत माझं नाव कुणी रंगवलं नव्हतं.
नवा अंदाज: दोन लाख.

२२ ऑक्टोबर, दसरा
अँप्लिफायरला झेंडूचा हार घातला. दानम्माने हळदीकुंकू वाहिलं आणि गुडघा धरून उठली. म्हटलं, दोनच दिवस.

२४ ऑक्टोबर, रविवार
सोमेश आला. बघितलं आणि खाली फरशीवरच बसला. पाणी मागितलं. मी वडिलांच्या रीतीने हातावर टॉवेल टाकून पुढे केला, आत बोटं धरून भाव करायला. त्याला वाटलं हात पुसायला दिलाय. त्याने पुसले.
मग म्हणाला, असं का केलंत? चिडला असता तर बरं झालं असतं. लोक या वस्तूचं वय विकत घेतात म्हणाला, ते तुम्ही रंगवून टाकलंत. जुनं कापड, पट्टी, बटणं कुठायत? त्याच्याकडे याच बनावटीचा दुसरा अँप्लिफायर आहे, त्यावर नेमकं तेवढंच नाही. मी म्हणालो, एव्हाना टाकलं असेल.
दानम्मा आतून बिस्किटाचा डबा घेऊन आली. दोघं कानडीत बोलायला लागली. माझं कानडी जेवणापुरतं. तिने माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला, त्याला काहीतरी समजावलं आणि टॉवेलाखाली त्याची बोटं धरली. तिचे वडील निपाणीकडचे बैलांचे व्यापारी, हे मी विसरलोच होतो. दोनदा मान हलली, दोघं हसली. तो डबा घेऊन गेला.
अँप्लिफायर इथेच आहे.

२५ ऑक्टोबर
गुंडू पैसे मागायला आला. मी घरात नाही म्हणून सांग म्हटलं. दानम्माने आहेत म्हणून सांगितलं.

३१ ऑक्टोबर
गाडी आली. डब्याच्या पैशांत स्वतःची भर घालून तिने घेतली. मोरपंखी नाही, राखाडी. मला कुणी विचारलं नाही. डब्याचे किती आले, हे पाचव्यांदा विचारलं. म्हटलं, तोंडाने सांगायचं नसेल तर रीतीने सांग, आणि टॉवेल टाकून हात पुढे केला. तिने एकही बोट धरलं नाही. टॉवेलाची नीट घडी घालून माझ्या हातात ठेवली. रोज सकाळी गाडी पुसायला लागंल म्हणाली.

१ नोव्हेंबर, सकाळी ६
गाडी पुसली. अँप्लिफायर आता दारात आहे. त्यावर बसून तिने चपलेचे पट्टे लावले. उंची बरोबर आहे. निघताना म्हणाली, आरशाला, रंगाला, कशालाबी हात लावू नगा. तीनदा म्हणाली.