सुरुवातीला थोडा घट्ट वाटेल

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे वाकणं कागदावरच गोड मानून घे.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो की अजून पायरीवर बसूनच शेजारणींचा समाचार घेतेस, ते कळव. भावोजींचा खोकला, त्यांची शब्दकोडी आणि कोडं अडलं की घरादारावर निघणारा राग, हे सगळं जागच्या जागी असेल असं धरून चालतो. इकडे तुझी भावजय ठीक आहे, दुकान ठीक आहे, मी ठीक नाही. फोन करायला हरकत नव्हती, पण फोनवर तू दुसऱ्या वाक्याला "मुद्द्यावर ये" म्हणतेस, आणि हा मुद्दा असा आहे की त्याच्यावर एकदम यायची माझी छाती नाही. तेव्हा पत्र. पत्रात तुला मला मधे तोडता येत नाही.

आपल्या मुंगीने बँकेतली नोकरी सोडली तेव्हापासून तुम्ही मायलेकी जेवण, औषधं आणि हवापाणी एवढ्याच विषयांवर बोलता, हे मला माहीत आहे. मुलगी काय करते असं कोणी विचारलं की तू "कॉम्प्युटरचं काहीतरी" म्हणतेस आणि चष्मा पुसायला घेतेस. तर ते काहीतरी म्हणजे एक खेळ आहे. एकटीने केलेला. त्याचं नाव 'भोंगा'. बंद पडलेला साबणाचा कारखाना आहे, त्यातली यंत्रं पिसाळली आहेत, आणि खिळे मारायची बंदूक घेऊन आपण तिथून जिवंत बाहेर पडायचं आहे. आपण स्वतः त्यात दिसतच नाही, फक्त आपला हात आणि बंदूक दिसते. (मला आधी वाटलं, हात कोणाचा तरी तुटून पडलाय.) शिवाय हे सगळं तिने मुद्दाम जुन्या पद्धतीचं केलं आहे, म्हणजे तिच्या लहानपणी असायचे तसं, ठोकळ्याठोकळ्यांचं. आग म्हणजे नारिंगी विटा, रक्त म्हणजे तांबड्या विटा, आणि पहारेकऱ्याचं तोंड म्हणजे तुझ्या चुलत सासऱ्यांसारखं, कुठूनही बघितलं तरी चौकोनी. हल्ली याला मागणी आहे म्हणे. मी तिला म्हटलं, बाई, आमच्या दुकानात जुन्या फॅशनचा बूट आला की आम्ही तो माळ्यावर टाकतो. ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतोय.

असले खेळ विकायचं दुकान इंटरनेटवर असतं, आणि तिथे प्रत्येक खेळाखाली खेळणाऱ्यांनी आपलं मत लिहायचं असतं. नवीन, एकट्या माणसाच्या खेळाचा सगळा जीव या मतांवर. मतं चार आली तर दुकान खेळ पुढे मांडतं, नाही आली तर तो माळ्यावर. मुंगीने मला खेळ दिला, मित्रांना वाटायला काही फुकटचे कोडही दिले (एका कोडावर एकाला खेळ मिळतो आणि एक मत लिहिता येतं), आणि म्हणाली, मामा, बघा जमलं तर, आणि जे वाटेल ते खरं लिहा. आता माझे मित्र तुला माहीत आहेत. एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला दिसत नाही, आणि तिसरा सगळं दिसून ऐकू येऊनही माझ्याशी बोलत नाही. तेव्हा कोड माझ्याकडेच राहिले.

मी खेळायला बसलो, ताई, हे नक्की. पहिल्याच खोलीत भिंतीला नाक लावून उभा राहिलो. मग छताकडे बघत गोल फिरलो. मग कसलं तरी यंत्र आलं आणि मी मेलो. पुन्हा उठलो, पुन्हा भिंत. थोड्या वेळाने असं ढवळायला लागलं की तुझ्या भावजयीने कॉम्प्युटर बंद केला आणि माझ्या नाकाला कापलेलं लिंबू लावलं. पण पोरगी वाट बघत असेल, असं सारखं मनात येत होतं. म्हणून मग पडल्यापडल्या मत लिहिलं. चांगलं लिहिलं. उभा जन्म बूट विकण्यात गेला, गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की कौतुक तोंडातून आपसूक सुटतं. पाय बघायची गरज लागत नाही. आणि ते मत दुकानाच्या पानावर असं झळकलेलं बघून मला इतकं बरं वाटलं की मी उरलेले कोडही वापरायला घेतले.

एक मत निवृत्त हवालदाराचं. (बंदुकीचा नेम अचूक असल्याचं त्याने अनुभवावरून सांगितलं.) एक मत दोन मुलांच्या आईचं, की जेवणं झाल्यावर आम्ही सगळे मिळून हा खेळ खेळतो, फार प्रसन्न वाटतं. यात माणूस करवतीखाली जातो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एक जहाजावरच्या खलाशाचं. आणि एक शाळकरी मुलाचं, ज्यात मी भरात लिहून गेलो की गेली वीस वर्षं मी असे खेळ खेळतो आहे, पण असा पाहिला नाही. खलाशाने तर तिसऱ्या मजल्यावरच्या निळ्याशार तळ्याचं वर्णन केलं. कारखान्यात तळं का असेल, असा प्रश्न मला पडला नाही. खलाशी आहे, त्याला पाणी आवडणार, एवढाच विचार केला.

खऱ्या खेळणाऱ्यांची मतंही येत होती, ती मी दुकानात गिऱ्हाईक नसलं की वाचायचो. चमत्कारिक जमात आहे. एक म्हणतो, यात नकाशा नाही म्हणून हा खेळ थोर. त्याच्याखाली दुसरा म्हणतो, नकाशा नाही म्हणून मी पैसे परत मागतोय. एकाला धावताना पाय घसरल्यासारखं होतं ते अगदी जुन्या खेळांसारखं वाटून डोळ्यांत पाणी आलं, दुसरा त्याच घसरण्याने आम्लाच्या हौदात पडून मेला आणि त्याने मुंगीच्या शिक्षणाबद्दल शंका काढली. एकजण नुसतं लिहून गेला, "खिळ्याचा आवाज झकास." एवढंच. मी हे वाचून चक्रावलो. आम्हाला गिऱ्हाईक सांगतं तरी, अंगठ्याला लागतंय म्हणून. पण एक गोष्ट कळली, की ही माणसं पाय घालून मग बोलत होती.

मग 'गंजका खिळा' असं नाव घेतलेल्या एका इसमाने जाहीर विचारलं की हवालदार, आई, खलाशी आणि शाळकरी मुलगा या चौघांनीही "सुरुवातीला थोडा घट्ट वाटेल, पण वापरून सैल पडतो" हेच वाक्य खेळाबद्दल का लिहिलं आहे? ताई, मी चारही मतं काढून वाचली. चौघांनी लिहिलं होतं. खलाशाने तर पुढे "पायाला कुठे चावत नाही" असंही जोडलं होतं.

इथे शहाणा माणूस थांबला असता. मी म्हटलं, सगळं गोडच दिसतंय म्हणून संशय येतोय, एखादं कडू मत टाकलं की हिशेब जमेल. आणि शेवटच्या कोडावर, 'स्पष्टवक्ता' या नावाने, मला खरोखर जे झालं ते लिहिलं. की भोवळ येते. दार कुठलं आणि भिंत कुठली ते कळत नाही. आणि सगळ्यात म्हणजे, कारखान्याच्या भोंग्यातून एक बाई सारखी ओरडत असते, तिचा आवाज पत्र्यावर खिळा ओढावा तसा आहे. माणूस जीव मुठीत धरून पळतोय आणि ही त्याला अंगात काही घातलंस का विचारते. हिचं तोंड आधी बंद करा.

मग माझ्यावर जे तुटून पडले ते विचारू नकोस. नकाशावाले आणि बिननकाशावाले या एका बाबतीत एक झाले. त्या बाईला त्यांच्यात 'काकू' म्हणतात. काकू म्हणजे या खेळाचा प्राण आहे, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं की घर सोडून लांब राहतो, मला दिवसभरात जेवलास का असं विचारणारी ही एकच बाई आहे, आणि काकूचं पुढचं वाक्य ऐकायला मी मुद्दाम मरतो. तिसऱ्याने माझ्याबद्दल फक्त एवढं लिहिलं, की या गृहस्थांना कोणी वाढवलेलं दिसत नाही. ते जरा लागलं. म्हणून मी पुन्हा खेळ लावला, या खेपेला आवाज मोठा करून, आणि भिंतीला नाक लावून नुसता ऐकत उभा राहिलो. यंत्र आलं, मी पडलो, आणि भोंगा खरखरत म्हणाला, "ऊठ. पडलास म्हणून काय झालं? हातपाय जागेवर आहेत ना?"

ताई, तो तुझा आवाज आहे. मला सायकल शिकवताना तू हेच म्हणायचीस, याच सुरात. आई गेल्यावर मला तूच वाढवलंस, आणि मी तुझा आवाज ओळखला नाही. ओळखला नाही तो नाही, वर चारचौघांत त्याला पत्र्यावरचा खिळा म्हणालो. मुंगीने मागाहून सांगितलं, तू तिच्या फोनवर जे निरोप ठेवतेस, जेवलीस का, पडलीस म्हणून काय झालं, दार लावून घे, डोळ्यांना ताण देऊ नकोस, ते सगळे तिने जपून ठेवले आहेत. एकही पुसला नाही. तेच तिने भोंग्यात घातले. 'लीस'चं 'लास' कसं केलं ते तिचं तिला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी इंटरनेटच्या दुकानाने खोट्या मतांवरून खेळ विक्रीतून काढला. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मुंगी आमच्या दुकानात आली. मी स्टुलावर बसून एका जाड्या गृहस्थांच्या पायात बूट कोंबत होतो. ती समोरच्या बाकावर बसली, लहानपणी शाळेचे बूट घ्यायला बसायची तशी. गृहस्थ म्हणाले, घट्ट होतोय हो. आणि माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. सबंध गेलं, ताई. जीभ चावेपर्यंत सैलसुद्धा पडून झालं होतं. मुंगीने मान खाली घातली. गृहस्थ बूट घेऊन गेले (घट्टच होता, परत येतील) आणि मी स्टुलावरून उठायच्या ऐवजी तिथेच बसून राहिलो, कारण उभं राहिलो असतो तर तिच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

ती म्हणाली, "वाईट लिहिलं असतंत तरी चाललं असतं, मामा. तुम्ही खेळायला हवं होतंत."

मी म्हटलं, एक वाईटही लिहिलं आहे. ती म्हणाली, माहीत आहे, तेवढं एकच खरं होतं. दार आणि भिंत सारखी दिसतात हे तिला पटलं होतं, ती ते बदलणार होती. यावर मी रडलो की नाही हे महत्त्वाचं नाही. गल्ल्यावरच्या बाईंनी मला पाणी आणून दिलं, यावरून तू ओळख.

माझी सगळी मतं मी तिच्यासमोर काढून टाकली. तिने दुकानाला आणि खेळणाऱ्यांना जाहीर लिहिलं: "ही मतं माझ्या मामांनी लिहिली होती. त्यांचं माझ्यावर प्रेम आहे आणि त्यांना खेळता येत नाही. मी माफी मागते." यात माझ्या बाजूने एक शब्द वाढवायला जागा नव्हती. खेळ परत विकायला लागला. बेताचाच विकतो, पण विकतो. फक्त आता जो येतो तो आपल्या मताखाली "थोडा घट्ट वाटेल" असं लिहून जातो, आणि तळं शोधणाऱ्यांची एक वेगळीच टोळी झाली आहे. मी ते वाचतो. शिक्षा म्हणून रोज वाचतो.

तर मुद्दा हा. तुझा आवाज तिने तुला न विचारता घेतला, त्याची तिला फार टोचणी आहे, आणि तुला विचारायची भीती आहे. विचारायचं काम मी अंगावर घेतलं, कारण तिला नाही म्हणायच्या लायकीचा मी राहिलेलो नाही. तू रागवायचीच असलीस तर माझ्यावर रागव. मला सवय आहे आणि यंदा कारणही आहे.

भावोजींना नमस्कार. गुडघ्याला शेक दे.

तुझा लाज गेलेला भाऊ,
ढब्बू

ता. क. भावोजींना हे पत्र दाखवू नकोस. दाखवलंसच तर खलाशाचा भाग दाखवू नकोस.

ता. क. २. वर लिहिलं की सगळी मतं काढून टाकली. ते खरं नाही. एक राहिलं आहे. अगदी पहिल्या दिवशी, हवालदाराच्याही आधी, मी एक मत तुझ्यासारख्याच निवृत्त गणित शिक्षिकेचं म्हणून लिहिलं होतं. त्यात बुटांची भाषा नव्हती म्हणून ते कोणाच्या नजरेत आलं नाही. लिहिलं होतं, "मला या खेळातलं काही कळलं नाही. पण करणारीने एकही कोपरा आळसाने सोडलेला नाही. ती माझी मुलगी असती तर मी चार लोकांत अभिमानाने सांगितलं असतं." त्या दिवशी दुकानात पाणी पिऊन झाल्यावर मुंगीने मला ते फोनवर काढून दाखवलं. म्हणाली, "हे आईने लिहिलंय, मामा, तुमच्याच एखाद्या कोडावर. ती बोलणार नाही आणि मी विचारणार नाही. पण खेळ बंद होता तेव्हा मी हे वाचत होते." बाकीची मतं काढताना माझा हात नीट चालला. याच्यावर चालेना. तिच्या तोंडाकडे बघून मी म्हणालो, असेल.

म्हणून माझी खरी विनंती आवाजाची नाही. तू हा खेळ एकदा खेळ. गुडघा दुखत असेल तर बसून खेळ, तो बसूनच खेळतात. आणि मग त्या मतातलं एखादं अक्षर जरी तुला खोटं वाटलं, तर तिला फोन करून सांग की ते मामाने लिहिलं होतं. मी तोंड दाखवणार नाही. खोटं वाटलं नाही, तर ते तूच लिहिलं होतंस.