कारभाऱ्याचं घर बंद

॥ श्री ॥
धाकटी खार, ता. पेण
२० जुलै १९९४

चि. सौ. हौसा हिस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरवडा झाला. उत्तर नाही म्हणून भावोजींजवळ माझा उद्धार करून झाला असेल. कर बापडी. लावणी चालू होती, त्यात गावकीच्या दोन बैठका झाल्या, आणि पाठीत उसण भरली आहे ती वेगळीच. आता ओट्यावर बसून लिहायला घेतलं, तर समोरून गिरजाबाई येताना दिसते. तिचं आणि सुनेचं पुन्हा वाजलं असणार. माझं पत्र राहिलं बाजूला.

(संध्याकाळी.) हौसे, मी थकलो गो. इतकी वर्षं या गावचा कारभारी आहे. कोणाची सोयरीक मोडली, कोणा भावाभावांचं फाटलं, शाळेला मास्तर नाही, नळाला पाणी नाही, की चला हैबतरावाकडे. तुझी वहिनी होती तेव्हा ती दारातूनच सांगायची, की ते जेवतायत, मागाहून या. शांती गेली आणि तेवढाही आडोसा गेला. सूनबाई गुणाची आहे, पण अनिता बिचारी सासऱ्याकडे आलेल्या माणसाला नाही कशी म्हणेल?

परवाच्या बैठकीत हात जोडून सांगितलं, की मला सोडा, दुसरा कारभारी करा. सगळे हसले. केरू तर उभाच राहिला. आपला केरू, मी पूर्व म्हटलं की जन्मभर पश्चिम म्हणत आलेला. तो म्हणाला, की हैबतराव उतरले तर मी भांडू कोणाशी. पुन्हा हसले. मीही हसलो, काय करणार.

खरं कारण निराळं आहे आणि ते सगळ्यांना कळतं. बाहेर खाडी, आत आपली शेतं, मध्ये तो मातीचा बांध. उधाणाला बांधाला खांड पडली की हाळी द्यायची आणि घरटी एक जण चिखल टाकायला धावायचा. ज्याच्या घरून कोणी येणार नाही त्याचं घर बंद. त्याच्या दारात आरतीला नाही, लग्नाला नाही, मयतीला नाही. पुढच्या उधाणाला त्या घरचा माणूस बांधावर दिसला, की घर उघडलं. तू माहेरी होतीस तेव्हा हे इतकं कडक नव्हतं, मी केलं. त्या नियमावर गाव घरचा भात खातं आहे. पण तो चालवायला कोणीतरी वाईट माणूस लागतो, आणि गावाला दुसरा सापडत नाही.

आपला विशाल नागोठण्याला कंपनीत कायम झाला. शिफ्ट लागते, कधी दिवस कधी रात्र. गावातली निम्मी पोरं आता तिकडेच. चांगलं आहे, नाही कशाला म्हणू? फक्त पुढच्या उधाणाला हाळी पडली तर कोण धावेल, हा घोर लागून राहिला आहे.

गणपती झाले की तुझ्याकडे येईन. भावोजींना नमस्कार. सर्वांनी जिवाला जपावे.
तुझा,
हैबतदादा


निडी, ता. रोहा
३१ जुलै १९९४

ती. हैबतदादाचे सेवेशी धाकटी बहीण हौसा हिचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचलं. आमच्या ह्यांनी मोठ्यानं वाचून घेतलं माझ्याकडून, आणि केरूचं ऐकून इतके हसले की ठसका लागला. मला मेलीला हसू आलं नाही. गणपती झाले की येईन, हे तू गेल्या साली लिहिलंस, त्याआधीच्या साली लिहिलंस. जिते स्टेशनावर गाडीत बसायचं आणि निडीला उतरायचं, एवढंच तर आहे. पण तुझं आपलं दर अमावास्येला उधाण आणि दर पुनवेला उधाण. मधल्या दिवसांत गिरजाबाई.

दादा, लहानपणापासून बघते. बाबा गेले तेव्हा तू केवढा होतास, तरी आम्हा तिघी बहिणींची लग्नं तू लावलीस. मग पोरांचं केलंस, मग गावाचं. तुला कोणी, दादा दमलास का, असं विचारलं का रे कधी? वहिनी विचारायची. आता मी विचारते तर तू लिहितोस की गणपती झाले की येतो.

तो बांध तुझ्या आधी होता आणि तुझ्यामागेही राहील. दुसऱ्या कोणाला होऊ दे की वाईट. रोह्याला पाठीचा चांगला डॉक्टर आहे. माळ्यावर वाल राखून ठेवलेत, बिरडं करून घालते, चार दिवस नुसता पडून राहा. कोणी दारात आलं तर मी हाकलून देईन, मला काही गावाची भीड नाही.

अनिताला सांग, आत्याबाईंनी विचारलं आहे. चुकलंमाकलं पोटात घाल.
तुझी,
हौसा


॥ श्री ॥
धाकटी खार
७ सप्टेंबर १९९४

चि. सौ. हौसा हिस आशीर्वाद. वि. वि.

पिठोरी अमावास्येच्या उधाणाला खांड पडली. शेतातलं पाणी खाडीत सोडायची ती उघाडी, तिच्या अंगाला बांध आधीच भुसभुशीत झाला होता, तिथेच पाणी घुसलं. हाळी दिली. पूर्वी हाळी पडली की बांधावर उभं राहायला जागा नसे. या वेळी अर्ध्याहून जास्त म्हातारे, आणि बायका. तरी धरला कसाबसा. ओला चिखल आहे, त्यावर भरवसा नाही. पुनवेच्या उधाणाला टिकेल तेव्हा खरं.

मी उभा राहून सांगायचं काम सोडून कमरेइतक्या पाण्यात उतरलो. या वयात चिखलाच्या पाट्या उचलल्या. अनिता घरी येऊन रडली माझ्यावर.

आता पुढचं वाच, आणि पाटावर बसून वाच. दोन घरांतून कोणी आलं नाही. एक केरूचं. त्याला दमा, आणि पोरगा रितेश कंपनीत कंत्राटावर, शिफ्टला गेलेला. दुसरं घर आपलं. विशालही त्याच शिफ्टला. अनिता तुरंब्याला माहेरी भावाला बघायला गेली होती, संध्याकाळी परतली.

बैठक बसली. सगळ्यांचं ठरूनच आलं होतं, की केरूचं घर बंद करा. त्यानं सगळ्यांशी वाद घातलेला, कोणाला वाईट वाटलं नाही. मी विचारलं, आणि माझं? तर म्हणाले, तुम्ही तर स्वतः पाण्यात होतात. पण हौसे, कारभारी बांधावर असतो तो कारभारी म्हणून. त्याचा हात घरचा धरत नाहीत. कारभाऱ्याच्या घराला फुकटची सवलत नको, म्हणून मीच तसं ठरवलं होतं. दोघांना सोडावं असंही मनात आलं. पण मग पुनवेला कंपनीतलं प्रत्येक घर हेच म्हणेल, आणि बांधावर मी आणि कावळे राहू.

तेव्हा दोन्ही घरं बंद केली. केरूचं आणि माझं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्याला केरूनं मान हलवली.

परवा गणपती. यंदा आपल्याकडे आरतीला कोणी येणार नाही. तू मनाला लावून घेऊ नको. घरच्यांना सांभाळ.
हैबतदादा


निडी
१० सप्टेंबर १९९४

ती. दादास नमस्कार.

तू शहाणा आहेस की खुळा, ते मला कळत नाही. स्वतःच्या घराला कोणी कडी लावतं का, तेही गणपतीत? अनिता बिचारी पोर, तिच्या दारात मखर आणि समोर माणूस नाही. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, हैबतरावांना दुसरं काही करताच आलं नसतं. मला ह्यांचाही राग आला.

तुला वाटतं की तू तुला शिक्षा केलीस. अरे, तुझ्या घरात तू एकटा राहतोस का? आणि केरू, दमेकरी माणूस, त्याचं काय? तुझं घर बंद झालं तरी लोक तुला रस्त्यात रामराम घालतील. त्याला कोण घालणार?

मला यायचं होतं, पण गुडघ्यांनी दगा दिला. पूनव कधी एकदा येते असं झालंय. रागानं लिहिलं आहे, पण मायेनंच लिहिलं आहे.
हौसा


धाकटी खार
१५ सप्टेंबर १९९४

ती. सौ. आत्याबाईंचे चरणी अनिताचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र बाबांनी दोनदा वाचलं. घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं, उत्तर लिहायला काही बसले नाहीत. म्हणून मी लिहिते.

गणपती आले. हे शिफ्ट संपवून आले ते थेट बाबांवर चिडले. म्हणाले की असं कोणाचं घर बंद करणं कायद्यात बसत नाही, मी पेणला पोलिसांत जातो. बाबा म्हणाले, जा, खुशाल जा, मीच येतो सांगायला की मी केलं. मग कसे जातील हे? दोन दिवस बापलेक एका पंगतीला बसून एकमेकांशी बोलत नव्हते.

पहिल्या संध्याकाळी आरतीला आम्ही तिघंच. शेजारच्या घरात झांजा वाजत होत्या. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात दारात खोकला ऐकू आला. बघते तर केरूकाका. म्हणाले, बंद घरानं बंद घरात जाऊ नये असा काही नियम नाही, मी हैबतरावाला विचारणारही नाही. आत आले आणि आरती म्हणायला लागले. सूर एक नाही, मधेच धाप लागते, पण सोडली नाही. मग बाबा त्यांच्याकडे गेले. रोज असंच. आरती झाली की दोघे ओट्यावर चहा पीत भांडायचे, त्या पहिल्या नळाची जागा कोणी चुकवली म्हणून. बाबांना इतकं बोलताना मी सासूबाई गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

विसर्जनाला दर वर्षी गावातली पोरं सगळे गणपती खाडीवर नेतात. आमचे दोन कोण नेणार? आमचा ह्यांनी नेला. रितेशला सुट्टी नव्हती. केरूकाकांनी आपला स्वतः डोक्यावर घेतला, कोणाचं ऐकलं नाही, छातीइतक्या पाण्यात गेले. त्या रात्रीपासून ताप आहे. छाती वाजते. डॉक्टरला आणायला हे गेलेत. आणि गावातलं एक माणूस विचारायला दारात गेलेलं नाही, आत्याबाई. वाईट कोणी नाही. सगळे बाबांच्या तोंडाकडे बघतात.

तुम्ही बाबांना काहीतरी लिहा. आमच्यावर कृपादृष्टी असू द्यावी.
आपली सून,
अनिता


॥ श्री ॥
धाकटी खार
२७ सप्टेंबर १९९४

चि. सौ. हौसा हिस आशीर्वाद.

केरू गेला. अनिताचं पत्र टपालात पडलं त्याच्या दुसऱ्या सकाळी. डॉक्टर येऊन गेला, सुई दिली, उपयोग झाला नाही. मी उशाशी होतो. बोलण्याचं त्राण त्याला नव्हतं, नाहीतर भांडला असता.

रितेश आला. तिरडी बांधायला विशाल आणि मी. हौसे, खांद्याला चार जण लागतात. रितेशच्या हातात मडकं, म्हणजे तो पुढे. राहिलो आम्ही बापलेक. गाव आपापल्या ओट्यावर उभं होतं. पुरुष, बायका, सगळे. कोणाचे डोळे कोरडे नव्हते आणि कोणाचं पाऊल उतरत नव्हतं. माझ्याच नियमानं त्यांना धरून ठेवलेलं.

पूनव तोंडावर आली होती. खांडीत कच्चा चिखल. केरूच्या घरून कोणी बांधावर आलेलं नाही, तरी ते घर उघडलं, तर नियम संपला आणि पुनवेला कोणाला बोलावण्याचं तोंड मला उरत नाही. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या दिसत होतं. शेतं पोटरीला आलेली होती. तेही दिसत होतं.

मी रस्त्याच्या मध्ये जाऊन सांगितलं, "नियम मी केला, मीच मोडतो. बांध राहील नायतर जाईल. केरू असा पडून राहणार नाय."

पहिली गिरजाबाई उतरली, तुळस घेऊन. मग सगळे. इतके आले की मला खांदा मिळाला तो वेशीपर्यंतच, पुढे कोणी दिला नाही. स्मशानात मी कारभार खाली ठेवल्याचं सांगितलं. या वेळी कोणी हसलं नाही.

पुनवेला हाळी पडली. मी दिली नाही, जनूनं दिली, खालच्या आळीतल्या. विशाल शिफ्ट बदलून आला होता. रितेश तर सुतकात असून आला. आणखीही आले, पण पुरले नाहीत. ज्यांना यायचं नव्हतं त्यांना आता भीती कसली? दुपारच्या भरतीला खांड गेली. खालची सगळी शेतं पाण्याखाली, त्यात आपलीही. दोन दिवस पाणी हललं नाही. भात पिवळं पडलं आहे.

जे आले नव्हते ते संध्याकाळी ओट्याशी येऊन उभे राहिले, खाली मान घालून. अनितानं सगळ्यांना चहा दिला. त्यांच्यातलेच दोघे म्हणाले, की काका, नियम परत घाला, आम्हाला शिक्षा करा, त्याशिवाय आम्ही सुधारणार नाय. मी म्हटलं, घालायचा तर तुम्ही घाला, मला आता विचारू नका. तर म्हणाले की आम्हाला जमणार नाही. मलाही जमणार नाही, गो. माझ्यात आता तेवढं राहिलं नाही.

तू विचारलं होतंस ना, दमलास का म्हणून? दमलो. पण ज्याच्यानं झोप लागत नाही ते हे दमणं नव्हे, शेताचं दुःखही नव्हे. खारं पाणी शिरलेलं शेत दोन-तीन पावसाळे पिकत नाही, मग धुऊन निघतं, हे मी जन्मभर बघत आलो. पण शेवटच्या दिवसांत केरूनं आपल्या दारावरून जाणारं माणूस न् माणूस तोंड फिरवून जाताना बघितलं, आणि त्यांना तोंड फिरवायला मी सांगितलं होतं. हे कुठल्या पावसानं धुवायचं, तेवढं मला लिही.

भावोजींना नमस्कार. तुझी माया आहे तेवढी राहू दे.
तुझा,
दादा