तेलात कण नाहीत

सोमवार, ४
क्रेनच्या गिअरपेटीचं तेल पुन्हा आलं. बाटली बाहेरून लिबलिबीत, झाकणाला केस. कोणाचा, हे विचारायचीही किळस! आणणारा आमच्या हिचा धाकटा भाऊ. क्रेन तोच चालवतो, नमुनाही तोच काढतो. शंभरदा सांगितलं, पहिलं तेल सांडून दे, मग भर, बाटलीला बोटं लावू नकोस. हा पँटला पुसून देतो. पाठशाळेत शौचाचे नियम घोकले ते असल्या मेव्हण्यासाठी नव्हेत.
यंत्राने मोजलं. पेटीतले दाते झिजले की तेलात धातूचे कण उतरतात; यंत्रात तेलातून प्रकाश जातो, कण आडवा आला की त्याची सावली मोजली जाते. आकडे स्वच्छ. भांडं गटार, आत गंगाजळ!

मंगळवार, ५
मेव्हणा म्हणतो, पेटी कुरकुरते. "दाजी, वर बसलं की पायाला कळतं." म्हटलं, प्रत्यक्ष, अनुमान, शब्द ही प्रमाणं ऐकली होती, पाय हे नवीनच. हसला नाही. पेटी उघडायची तर आठ दिवस काम बंद. साहेबांनी अहवालावर माझी सही पाहिली, क्रेन चालू ठेवली.

गुरुवार, ७
पुन्हा नमुना, जळका वास. तीनदा साबण लावला तरी हाताचा जाईना. घास तोंडाशी नेला की तेच तेल. आकडे मात्र स्वच्छ.
मेव्हणा म्हणाला, भिंगाखाली बघा ना एकदा. म्हणजे जुनी रीत — तेल पातळ करायचं, गाळणकागदातून ओढायचं, कागदावरचा कण न् कण मोजायचा. अर्धा दिवस जातो, डोळे जातात ते वेगळेच. मी म्हटलं, पूर्वी रोज अडकणारं यंत्र दोन वर्षांत एकदाही अडकलेलं नाही, ते सोडून तुझ्या पायावर विश्वास ठेवू?
एरवी शब्दाला शब्द देणारा. आज नुसतं "बरं" म्हणाला.

शुक्रवार, ८
हिने ताट आपटलं. एवढंच म्हणाली, "तो घाबरलाय. तो कधी घाबरत नाही."

शनिवार, ९
मला सुट्टी असूनही गेलो, त्याचं तोंड एकदाचं बंद करायला. तेल गाळलं, कागद भिंगाखाली धरला.
भिंगाची गरजच नव्हती. पितळी चकत्या, कडा फाटलेल्या, नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या! शिसारी आली — तेलाची नव्हे, माझ्या सुरेख आकड्यांची.
साहेबांना फोन केला. "तुमचाच अहवाल आहे ना स्वच्छ म्हणून?" म्हणाले. हो, माझाच. क्रेन थांबवली. मेव्हणा खाली उतरला, हात पँटला पुसले, निघून गेला.
यंत्र खोटं का बोललं? उद्या उघडतो.

रविवार, १०
उघडलं. तेल आत जातं त्या तोंडाशी बारीक जाळी, पिवळ्या चुऱ्याने गच्च. मोठे कण तिथेच अडत होते. जाळी कंपनीची नाही. यंत्र सारखं अडकतं म्हणून दोन वर्षांपूर्वी मी बसवली, आणि विसरलो.
साहेब फोन घेत नाहीत. बाकीच्या पाच क्रेन चालू आहेत, याच यंत्राच्या आकड्यांवर, माझ्याच सहीने. थांबवायला निघतो.