कॅनडाच्या माशाची मस्कतमध्ये तयारी

६ ऑक्टोबर २०१७, शुक्रवार. संध्याकाळी ७

डायरी मुलाच्या, साईच्या ऑफिसची, २०१५ची. कोरी पडून होती. वार जुळत नाहीत, खोडून लिहीन. सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, रोज लिहिणाऱ्या मुलीचं डोकं स्वच्छ राहतं. कॉन्व्हेंट सोडून पंचेचाळीस वर्षं झाली. स्वच्छतेला आजपासून सुरुवात.

कॅनडाचं कायमचं राहायला बोलावणारं पत्र आलं. साईच्या नावाने आलं, पण घर एकच, म्हणजे सगळ्यांना आलं.

फक्त एक अडचण. दुपारी प्रियांका स्वयंपाकघरातून डोंबिवलीला आईशी बोलत होती. आईंचा तिकडे वेळच जाणार नाही गं, बर्फात कुठे जातील, खिडकीशी बसून राहतील. मी चहा न करताच परत फिरले. सून वाईट नाही. काळजीपोटी बोलते.

संध्याकाळी साईचा मित्र प्रताप कॅनडातून व्हिडिओवर आला. त्याच्या हातात आमच्या नातीएवढा, पूर्वाएवढा लांब मासा, दात बाहेर. मस्की म्हणे. दहा हजार वेळा गळ टाकावा तेव्हा एक लागतो. तिकडे लोक शनिवार-रविवार तलावावर काढतात, शिकवायला गाइड ठेवतात. काकू, याल का, त्याने विचारलं. मी म्हटलं, येईन की. सगळे हसले. आनंदाने.

म्हणजे वेळेचा प्रश्न मिटला. मासे पकडणारी आजी खिडकीशी बसत नाही. इथूनच शिकून जायचं. कुणाला आत्ता सांगायचं नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार

ओमानमध्ये मस्की नाही. गोड्या पाण्यातला. पण प्रतापला मेसेज केला, त्याने कळवलं की त्याच ताकदीचा, त्याच तिरसट स्वभावाचा मासा तुमच्याकडे आहे. जीटी, म्हणजे जायंट ट्रेव्हली. जगभरातून लोक त्याच्यासाठी ओमानला येतात. मी इथे एकोणतीस वर्षं आहे. ह्यांच्याबरोबर आले तेव्हा अझैबाच्या वाळूत नुसत्या होड्या होत्या. ह्यांनी कधी सांगितलं नाही. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, आता कुणाला विचारू.

आमच्या बिल्डिंगचा वॉचमन ओमप्रकाश सगळ्यांना ओळखतो. त्याने उस्मानचा नंबर दिला. बलुची आहे, वीस वर्षं गोऱ्यांना जीटी धरून देतो, हिंदी आपल्यापेक्षा चांगली. त्याने विचारलं, साहब लोग कितने हैं? मी म्हटलं, साहब नाही, मी एकटी.  मग म्हणाला, इन्शाल्ला.

म्हणजे हो.

अनुभव विचारला. लहानपणापासून, म्हटलं. खोटं नाही. वेंगुर्ल्याच्या बंदरावर बाबा संध्याकाळी गरी टाकायचे, तेव्हा कोलंबीचा डबा मीच धरायचे.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार. दुपारी

शुक्रवारी इथे सुट्टी, दहापर्यंत घरात कुणी उठत नाही. पहाटे पाचला टॅक्सीने अझैबा बीच. पायात पंजाबी ड्रेसची सलवार खोचलेली, डोक्यावर ह्यांची कंपनीची टोपी.

समुद्रावर जाताना नारळ दिल्याशिवाय जाणं माझ्याच्याने होत नाही. गाऱ्हाणंही घालायला हवं, आणि गाऱ्हाण्याला होय म्हाराजा म्हणणारं कुणीतरी लागतं. उस्मानला शिकवलं. मी म्हटलं, बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक नि त्याच्या कुटुंबाक परमुलखात सुखरूप ने. तो म्हणाला, होय म्हाराजा. वर स्वतःहून आमीन. मी म्हटलं, कुटुंबाक म्हणजे आईसकट. होय म्हाराजा. नारळ सोडला.

मग ओकारी. तीनदा. इंजिनाच्या धुरामुळे, लाटांमुळे नाही.

एकूण फेकी सात. पॉपर म्हणजे लाकडाचा रंगवलेला खोटा मासा. तो लांब फेकायचा आणि पाण्यावर फटाफट ओढायचा, की जीटी चिडून धावतो. माझा पॉपर पाचदा होडीतच पडला. उस्मान म्हणाला, अम्मा, मछली बाहर है.

एक गोष्ट खटकली. मोठा मासा लागला तर फोटो काढून सोडून द्यायचा. मी म्हटलं, आणि खायचा कधी? त्याने मान हलवली. बड़ी मछली बूढ़ी होती है, अम्मा. बूढ़े को उसके घर वापस भेजना चाहिए. मी डबा आणि हळद-मीठ घेऊन गेले होते. पिशवीतच ठेवलं.

१४ ऑक्टोबर, शनिवार

उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वेणी पूर्वाने घातली.

प्रियांका म्हणाली, आई, तुमच्या पर्सला मासळीचा वास येतोय. मार्केटमध्ये गेले होते, म्हटलं. मग मासे कुठे? ताजे नव्हते, म्हटलं. ती साईकडे बघून जरा हसली. घरात हसरं वातावरण आहे हल्ली.

२० ऑक्टोबर, शुक्रवार. पाडवा

आज सुट्टी. घरीच सराव. उस्मानकडून जुना रॉड मागून आणलाय, पडद्यामागे उभा आहे. सगळे बाहेर गेले होते. हॉलच्या ह्या टोकाहून त्या टोकाला फेक चांगली जमली. इतकी चांगली की पॉपरचे आकडे थेट ह्यांच्या फोटोच्या चंदनाच्या हारात बसले. फोटो खाली आला. काच शाबूत. हार कापावा लागला.

आयुष्यभर माझ्या गळाला न लागलेला माणूस पहिल्याच फेकीत लागला.

हार कुणी काढला, साईने विचारलं. धुवायला, म्हटलं. चंदनाचा हार धुतात का, विचारलं नाही त्याने. तो हल्ली काही विचारत नाही.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

दुसरी फेरी. फहल बेटाजवळ. नारळ, गाऱ्हाणं, होय म्हाराजा. ओकारी एकच.

फेकी त्रेसष्ट. मागच्या धरून सत्तर. दहा हजारांतून वजा केल्या तर नऊ हजार नऊशे तीस. सुरुवात म्हणून वाईट नाही.

मासा नाही. उस्मान म्हणतो, अम्मा, आप पानी को देखती नहीं, आप सोचती हैं. खरं आहे. मी कॅनडातल्या स्वयंपाकघराचा विचार करत होते. खिडकी पूर्वेला असावी.

५ नोव्हेंबर, रविवार

तिघांची मेडिकल झाली. साई, प्रियांका, पूर्वा. वयस्कर माणसांची बहुधा वेगळ्या दिवशी असते. गर्दीत उभं राहायला नको म्हणून.

फोटोही तिघांचेच काढले. मी दुसऱ्या दिवशी एकटी जाऊन माझे काढून आले. कॅनडाचा साइज वेगळा असतो, हे दुकानदारानेच सांगितलं. सहा प्रती. साईच्या टेबलावर पाकीट ठेवलं. संध्याकाळी ते माझ्या उशीशी परत आलं होतं. पूर्वाने खेळता खेळता आणलं असेल.

साई आज वेंगुर्ल्याला चुलतभावाशी अर्धा तास बोलत होता. तिथल्या आपल्या घराचा पाण्याचा पंप, मागचं दार, गॅसचा नंबर, न्हाणीघरात धरायला दांडी. किती जबाबदार. एवढ्या गडबडीत कुलूप लावून ठेवायच्या घराचीही काळजी. त्याच्या बाबांवर गेलाय.

न्हाणीघरातली दांडी कुणासाठी, ते मात्र कळलं नाही.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी १०

अक्षराबद्दल सिस्टरनी माफ करावं.

लागला!!

एकोणऐंशीव्या फेकीला. आधी पाणी फुगलं, मग दार आपटल्यासारखा आवाज, मग मी गुडघ्यावर. तो खाली ओढत होता, मी वर. उस्मान ओरडत होता, छोड़ना मत, अम्मा, छोड़ना मत. मी म्हटलं नाही सोडणार, आणि लहानपणची कॉन्व्हेंटमधली हेल मेरी प्रार्थना म्हणायला लागले, भीती वाटली की तीच तोंडात येते. अर्धी झाली आणि दोर खडकावर कापला गेला.

उस्मान म्हणतो दोन सेकंद होता. अर्धी हेल मेरी दोन सेकंदांत होत नाही. निदान आठ.

मग मी रडले. माशासाठी नाही. कशासाठी ते लिहिण्यासारखं नाही. उस्मानने थर्मासमधला काहवा, म्हणजे अरबी कॉफी, दिला आणि पाठ करून इंजिनाकडे बघत बसला. बरा माणूस आहे. त्याचीही आई आहे, तिकडे सूर गावाला. तिला मस्कतला न्यायचं म्हणतो, पण ती येत नाही. मी म्हटलं, ती येत नाही की तू नेत नाहीस? तो म्हणाला, अम्मा, दोनों एक ही बात हो जाती है.

नाही होत. पण त्याच्याशी वाद नको, होडी त्याची.

परत येताना आणखी दोन फेकी. एकूण एकशे एक्कावन्न.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

सरप्राइज फोडलं. जेवताना सगळं सांगितलं. रॉड पडद्यामागून काढून दाखवला. पुढच्या शुक्रवारी सगळ्यांना होडीतून नेणार, जीटी धरून दाखवणार. गाइडचे पैसे कुठून आले, असं साई म्हणाला. मी म्हटलं, ते मी माझ्या डायरीलाही सांगितलेलं नाही.

प्रियांका आधी घाबरली. ह्या वयात, आई? मग हळूहळू तिचा चेहरा मोकळा झाला. म्हणाली, अगंबाई, म्हणजे तुम्हाला छंद लागला की! साईकडे बघून दोनदा म्हणाली, बघ, आईंना छंद लागलाय.

जिंकले. वेळ जाणार नाही म्हणणाऱ्या तोंडाने बोलली.

१ डिसेंबर, शुक्रवार

साईला ऑफिसचं हँडओव्हर होतं. शुक्रवारी. प्रियांकाला फर्निचर बघायला माणसं येणार होती. पूर्वा आली. नऊ वर्षांची आहे, मराठी बोलताना ठेचकाळते, पण होय म्हाराजा चांगलं म्हणाली, उस्मानपेक्षा खणखणीत.

मी म्हटलं, बा देवा म्हाराजा, कुटुंबाक आईसकट परमुलखात ने.  मी म्हटलं, म्हण की गं. ती इंग्लिशमध्ये म्हणाली, पण आजी, पप्पा म्हणतात तू वेंगुर्ल्यात राहणार. तिकडे रियल समुद्र आहे. कॅनडात ओन्ली तलाव. तुझ्यासाठी बाथरूममध्ये हँडलपण लावलंय.

उस्मानला इंग्लिश येतं. तो दोर सोडवत राहिला. सुटलेलाच होता.

पोरांना अर्धवट माहिती असते. कानावर पडलेलं बोलतात. मी नारळ सोडला आणि फेकायला लागले. खूप जोरात. पाण्याकडे बघून, विचार न करता, उस्मान म्हणतो तसं. साठाव्या फेकीला पॉपर अडकला. जड. पूर्वा किंचाळली, आजी, यू गॉट इट! मी पाय रोवले, ओढलं, गुंडाळलं, कंबर मोडेपर्यंत. उस्मान तोंडावर हात ठेवून बघत होता. मला वाटलं अभिमानाने.

माझाच नारळ होता. शेंडीत आकडे रुतलेले, कुंकू अजून पुरतं गेलं नव्हतं. होडीच्या मागोमाग आला असणार.

उस्मान हसून हसून खाली बसला. पूर्वाने फोटो काढला. मग तो डोळे पुसत उठला, आकडे काढले आणि नारळ माझ्या हातात दिला. चलो अम्मा, बड़ा है, छोड़ दो.

मी सोडला. पुन्हा मागे आला. मग मी तिकडे बघितलं नाही.

समुद्राने नाकारला असं नाही. प्रसाद म्हणून परत दिला.

८ डिसेंबर, शुक्रवार

साई माझ्या खोलीत आला. लहानपणी ताप आला की यायचा तसा पायथ्याशी बसला आणि पंख्याकडे बघून बोलला. आई, पालकांना लगेच नेता येत नाही. आधी आम्ही तिकडे स्थिर व्हायचं, मग अर्ज, मग लॉटरी असते, नाव आलं तर. तीन-चार वर्षं धर.

लॉटरी म्हणजे लागू शकते. किती जणांत एक, ते विचारायला हवं होतं. मी विचारलं, तुझं स्वेटर कोण धुणार तिकडे, लोकर आकसते. तो म्हणाला, मशीन असतं.

पायाला हात लावून गेला. पंखा बंद करून गेला. थंडी होती म्हणून.

१३ जानेवारी २०१८, शनिवार

घर रिकामं. बोललं की आवाज घुमतो, म्हणून कुणी बोलत नाही. ह्यांचा फोटो माझ्या बॅगेत, टॉवेलमध्ये गुंडाळून. हार नाही.

माझं गोव्याचं विमान मंगळवारी, त्यांचं शुक्रवारी. साईचा व्हिसा रद्द करण्याआधी त्याच्या व्हिसावरची माणसं कमी करावी लागतात, तो नियमच आहे म्हणे. सुरुवात माझ्यापासून. मी म्हटलं, ज्येष्ठतेने बरोबर आहे.

प्रियांका सगळ्यांना फोनवर सांगते, आईंची आता काळजी नाही हो, त्यांना मासे पकडायचा इतका छंद लागलाय, वेंगुर्ल्यात बंदर दाराशी, वेळ कसा जाईल कळणार नाही त्यांना. डोंबिवलीलाही सांगितलं. नारळाचा फोटो प्रतापला पाठवला. त्याने हसणारे चेहरे पाठवले, अकरा.

उस्मान काल निरोपाला आला होता. खाली ओमप्रकाशपाशी उभा राहिला, वर आला नाही. खजूर देऊन गेला.

एकूण फेकी दोनशे अकरा. उरल्या नऊ हजार सातशे एकोणनव्वद.

संध्याकाळी साईने मोठ्ठं लांब पार्सल आणलं. नवा रॉड, रीळ, दोन पॉपर. आई, तुझ्यासाठी. गळ्यात पडला. मी म्हटलं, अरे, विमानात एवढा लांब कुठे घेतील. नाइलाज झाला असता तर बरं, असं वाटून गेलं क्षणभर.

पण त्याने एअरलाइनला आधीच विचारून ठेवलंय. घेतात.