पडद्यावरच्या विमानाला उड्डाण परवाना

प्रति,
मा. शाखाप्रमुख,
हवाई प्रात्यक्षिके व मोकळी मैदाने शाखा,
नगर कार्यालय, दुसरा मजला

विषय : सार्वजनिक सभागृहात माहितीपटाचे तीन खेळ दाखवण्याची परवानगी मिळणेबाबत. (अर्ज सातवा)

संदर्भ : १) माझे याच विषयावरचे सहा अर्ज.
२) 'अपात्र वैमानिकाऐवजी बदली वैमानिकाचे नाव कळवावे' हे आपले पत्र.

महोदय,

१. खाली सही करणारी मी शिवणवर्ग चालवते. माझी सख्खी मावशी, वय एक्याण्णव, ही आपल्या भागात विमान चालवणारी पहिली बाई. तिच्यावर बेचाळीस मिनिटांचा माहितीपट निघाला आहे. तो तीन दुपारी शाळेच्या मुलींना विनामूल्य दाखवावा, एवढीच माझी मागणी होती आणि आजही तेवढीच आहे. मधल्या आठ महिन्यांत वाढली ती फक्त फाईल.

२. चित्रपट ज्या विषयाचा, त्या विषयाच्या शाखेने ना-हरकत द्यायची, असा आपल्या कार्यालयाचा नियम असल्याचे मला खिडकीवर सांगण्यात आले. नियम चांगलाच आहे. गेल्या वर्षी विहिरींवरचा माहितीपट पाणी शाखेकडे गेला आणि तिथे तो मुरला, असे ऐकते. आमच्या माहितीपटात विमान आहे, म्हणून तो आपल्याकडे आला. आपल्याकडे छापील अर्ज एकच, आकाशात कसरती करणाऱ्या खऱ्या विमानांचा. कारकूनसाहेब म्हणाले, "ताई, दुसरा छापलेलाच नाही, हाच भरा." मी भरला.

३. त्यात 'धावपट्टीची लांबी' या रकान्यात मी यंत्रापासून पडद्यापर्यंतचे अंतर लिहिले, बेचाळीस फूट. ते अपुरे असल्याचे आपण कळवलेत. 'उड्डाणाची कमाल उंची' यात सभागृहाच्या छताची उंची लिहिली आणि त्यापलीकडे जाण्याचा माहितीपटाचा इरादा नसल्याचे स्वतंत्र कागदावर लिहून दिले. आगीचा बंब मागितलात, त्याचे पत्र आणले. 'वैमानिक मद्यपान करत नाही' असा दाखला मागितलात. मावशी चहासुद्धा बिनसाखरेचा घेते, तरी तोही दाखला आणला. आपली एकही अट मी मोडलेली नाही. मोडले ते माझे कंबरडे.

४. त्यानंतर वैमानिकाची वैद्यकीय तपासणी निघाली. मावशीला मी दोन मजले चढवून आणले. आपले डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिले आणि समोरच्या फळ्यावरची अक्षरे वाचायला सांगितली. मावशी म्हणाली, "वर एक मोठं अक्षर आहे एवढं दिसतंय. कुठलं, ते तुम्हीच सांगा." डॉक्टरांनी शेरा मारला : 'उड्डाणास अपात्र.' जिना उतरताना मावशी मनापासून हसली. म्हणाली, "तेव्हा बाई म्हणून नको म्हणाले, आता म्हातारी म्हणून. मधली चाळीस वर्षं मी उडत होते, ती तेवढी यांच्या नजरेतून सुटली." मला मात्र हसू आले नाही. मला आपला राग आला, तो अजून आहे, आणि अर्जात राग लिहायचा रकाना नसल्यामुळे तो इथे नोंदवते.

५. कारकूनसाहेबांनी माझी दया येऊन एक तोडगाही सुचवला : "विमान वगळून दाखवा ना. मग आमची शाखा लागणारच नाही." मी घड्याळ लावून पाहिले. विमान वगळले की सहा मिनिटे उरतात. त्यात मावशी आईबद्दल दोन वाक्ये बोलते, एकदा खिडकी लावते आणि मग नावे येतात.

६. 'घरी मोबाईलवर का दाखवत नाही?' असेही आपण विचारलेत. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देते. मावशीने पहिले उड्डाण केले, तेव्हा तिला परवानगी एका अटीवर मिळाली होती : मैदानात कुणीही असता कामा नये. पडली तर बभ्रा नको, म्हणून. तिच्या आईलासुद्धा फाटकाबाहेर उभे केले होते. ती वर गेली, दोन घिरट्या घालून खाली आली, आणि टाळी वाजवायला तिथे चिटपाखरू नव्हते. माहितीपटाची प्रत घरी आली, त्या दिवशी मी तिला म्हटले, चल, बघूया. ती म्हणाली, "मी एकटीने मला काय बघायचंय? मला बघणाऱ्या पोरींची तोंडं बघायचीत." एक्याण्णव वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते की नजर फार तर सहा महिने टिकेल. पहिल्या अर्जात मी हे ठळक अक्षरांत लिहिले होते. आपण त्यावर 'तातडीचे' असा शिक्का मारून तो तातडीच्या कागदांच्या गठ्ठ्यात, सर्वांत खाली ठेवलात.

७. बदली वैमानिकाबाबत : आमच्या घरात दुसरे कुणी विमान चालवत नाही. माझ्याकडे दुचाकीचा परवाना आहे, त्याची प्रत जोडली आहे. माहितीपट सुरू असताना पडद्यावरचे विमान भरकटल्यास मी ते सांभाळीन, अशी हमी देते.

८. आता मुद्द्याचे. गेल्या मंगळवारी सकाळी मावशीने मला हाक मारली आणि दिवा लावायला सांगितले. खिडकी सताड उघडी होती, उन्ह तिच्या पांघरुणावर आले होते. मी दिव्याचे बटण दाबले. दुसरे काय करणार होते? तेव्हा साहेब, आपली मोठी अडचण दूर झाली आहे. आता घाई उरलेली नाही. आपण सावकाश विचार करावा.

९. मी अर्ज मागे घेणार होते. मावशीने घेऊ दिला नाही. ती म्हणाली, "दिसत नाही तर नाही. विमान वळतं, तिथे पोरी श्वास धरतात की नाही, तेवढं मला ऐकू येईल. मला मधल्या रांगेत बसव." सबब, परवानगी मिळावी. मधल्या रांगेतली एक खुर्ची तिच्यासाठी राखून ठेवावी. आपल्यासाठी तिच्या शेजारची ठेवते. यावेच, आणि श्वास धरावासा वाटला तर तिला ऐकू जाईल इतपत धरावा.

वाट पाहण्यात तरबेज झालेली, आपली नम्र,
(सही)
शिवणवर्गाची बाई, वैमानिकाची भाची
दिनांक : ९ डिसेंबर

सोबत जोडले आहे :
१) आगीच्या बंबाचे पत्र.
२) मद्यपान न करण्याचा दाखला.
३) दुचाकीच्या परवान्याची प्रत.
४) वैमानिकाचे संमतिपत्र. सही तिने स्वतः केली आहे. ती ओळ सोडून खाली गेली आहे. कृपया त्या कारणास्तव अर्ज परत पाठवू नये.